बोटीवर चार जीपीएस, पण ऐकायचं कुणाचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तराचा रोख कळेल. ३८ फुटी शिडाची बोट, मुंबई बंदरात मुरिंगवर (समुद्रतळाशी कायम बांधलेल्या दोरावर) असते, मांडवा-मुरुडला नेहमी आणि कधीमधी गोव्यापर्यंत जाते. बोटीवर जीपीएस चार: प्लॉटरच्या (नकाशावर बोट दाखवणाऱ्या पडद्याच्या) आतला, आधीच्या मालकाने डोलकाठीच्या टोकावर बसवलेला एनएमईए २००० चा (बोटीवरची उपकरणं एका तारेवर जोडणाऱ्या नेटवर्कचा) अँटेना, एआयएस ट्रान्सपाँडरचा (आपली जागा आसपासच्या जहाजांना कळवणाऱ्या यंत्राचा) आणि व्हीएचएफ रेडिओतला. तक्रारी तीन: नांगरावर असताना रात्री अलार्म उगाच वाजतो, प्लॉटरवरचा ट्रॅक सरळ जातानाही नागमोडी उमटतो आणि मार्गावर लावलेला ऑटोपायलट मधूनच झटका देऊन वळतो. विचारणा अशी की चौघांची सरासरी काढता येते का, की एक चांगला पाचवा अँटेना लावून मोकळं व्हावं?

सरासरी काढू नका. छोट्या बोटींच्या प्लॉटरमध्ये तशी सोय सहसा नसतेच, आणि असती तरी नको म्हटलं असतं. तीन रिसीव्हर बरोबर आणि एक दोन मैल चुकलेला असेल, तर सरासरी अर्धा मैल चुकते आणि पडद्यावर मात्र सगळं शांत दिसतं. जास्तीचे जीपीएस असण्याचा अर्थ एवढाच की एका वेळी एकाचंच ऐकायचं, तो गेला तर दुसरा कोण हे आधीच ठरलेलं असायचं, आणि तो गेला आहे हे तुम्हाला कळायचं. तुमच्या बोटीवर यातलं एकही ठरलेलं नाही. चौघे बोलतात आणि ऐकणारी उपकरणं ज्याला जमेल त्याचं ऐकतात.

एनएमईए २००० वर कुणी कुणाला विचारत नाही. जो रिसीव्हर जोडला तो आपणहून स्थिती, म्हणजे बोट कुठे आहे ते, सांगत सुटतो. प्रत्येक प्रकारच्या संदेशाला क्रमांक असतो, त्याला पीजीएन म्हणतात. पीजीएन १२९०२५ म्हणजे अक्षांश-रेखांश, सेकंदाला दहा वेळा. १२९०२६ म्हणजे जमिनीवरची दिशा आणि वेग, सेकंदाला चार वेळा. १२९०२९ मध्ये उपग्रह, फिक्सचा (उपग्रहांवरून काढलेल्या स्थितीचा) दर्जा वगैरे तपशील, सेकंदाला एकदा. तीन रिसीव्हर जोडलेत म्हणजे तारेवर सेकंदाला तीस स्थिती. मासळीच्या लिलावात तिघांनी एकदम वेगवेगळे भाव पुकारावेत तसं. प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, त्यामुळे शहाणं उपकरण एकाचंच धरून बसतं. पण सगळी उपकरणं शहाणी नसतात. काही जण शेवटी जे कानावर पडलं ते खरं मानतात. अशा उपकरणावर बोट डोलकाठीच्या टोकावरून कॉकपिटमध्ये आणि परत अशी उड्या मारत राहते. तुमचा नागमोडी ट्रॅक बहुधा हाच आहे.

काहीही बदलण्याआधी एक चाचणी करा, अर्धा तास लागेल. बंदरात उभे असताना प्लॉटरच्या नेटवर्क मेनूत उपकरणांची यादी उघडा आणि स्थिती कोण कोण पाठवतंय ते कागदावर उतरवा. मॉडेल, अनुक्रमांक, इन्स्टन्स (एकाच प्रकारची उपकरणं वेगळी ओळखायचा क्रमांक). मग एकेकाची वायर काढा आणि यादीतलं कोणतं नाव जातं ते पाहा. अपेक्षेपेक्षा एखादं नाव जास्त निघालं तर दचकू नका, त्याचं कारण पुढे येतं. याच वेळी ऑटोपायलटचीही परीक्षा घ्या. तो नुसत्या होकायंत्राच्या दिशेवर चालवताना झटके देतो का? देत असेल तर जीपीएसचा काही संबंध नाही, होकायंत्र किंवा त्याच्या आसपास ठेवलेलं लोखंड शोधा. फक्त मार्गावर लावल्यावरच झटके येत असतील, तर मार्गापासूनचं अंतर उड्या मारतंय, म्हणजे स्थितीचा स्रोत बदलतोय.

आता मुख्य जीपीएस कोणता ठेवायचा. इथे बहुतेक मालक चुकीचा निवडतात, कारण उंच जागा चांगली हा व्हीएचएफचा नियम ते जीपीएसला लावतात. व्हीएचएफला क्षितिज गाठायचं असतं, म्हणून उंची हवी. जीपीएसला आकाश हवं, आणि ते कॉकपिटच्या मागच्या रेलिंगवरूनही तेवढंच दिसतं. उंचीचा तोटा मात्र मोठा. अँटेना पाण्यापासून १२ मीटर वर धरा आणि बोट दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश हलते, चार सेकंदांत एक पूर्ण हेलकावा, असं माना. टोक दोन्हीकडे दोन-दोन मीटर झुलतं, आणि मधल्या क्षणी त्याचा आडवा वेग सेकंदाला तीन मीटरच्या वर जातो, म्हणजे सहा नॉट. बोट स्वतः पाच नॉटने पुढे चाललेली. रिसीव्हर प्रामाणिकपणे टोकाचा वेग मोजतो, म्हणून त्याची दिशा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आतली गाळणी हे बरंचसं गुळगुळीत करते, पण जितकं जास्त गुळगुळीत तितकं वळताना उशिरा कळतं. नांगरावर तर विचारूच नका. मुरुडसमोर पश्चिमेची लाट आडवी येते, तेव्हा डोलकाठीच्या टोकाच्या हिशेबात बोट रात्रभर दोन-तीन नॉटने कुठेतरी निघालेली असते.

म्हणून तुमच्या बोटीवर डोलकाठीवरचा अँटेना मुख्य ठेवू नका. तो खाली, मागच्या रेलिंगवर आणा, आणि मग तोच मुख्य करा. रडारच्या झोतात आणि व्हीएचएफ अँटेनाला चिकटून नको, मधे निदान मीटरभर अंतर ठेवा. इरिडियमचा उपग्रह-फोन किंवा डोम असेल तर त्याच्यापासूनही लांब, कारण तो १६१६ ते १६२६ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ वर आहे; शेजार फार लांबचा नाही. प्लॉटरच्या आतला जीपीएस दुसऱ्या क्रमांकावर. काचतंतूच्या छताखाली तो ठीक चालतो. वर ॲल्युमिनियमचं छप्पर किंवा ओल्या कापडाची जाड घडी असेल तर कुरकुरतो.

एआयएसचा जीपीएस हा वेगळा विषय आहे, त्याला हात लावू नका. क्लास बी ट्रान्सपाँडरला स्वतःचा रिसीव्हर आणि स्वतःचा अँटेना असावाच लागतो. तो आपली स्थिती प्रसारित करताना त्याच रिसीव्हरची वापरतो, तुमच्या प्लॉटरची नाही. त्याचं ते काम चालू द्यायचं. बंद करायचं ते एवढंच की तीच स्थिती त्याने नेटवर्कवर ओतणं. बहुतेक ट्रान्सपाँडरच्या सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्कवर कोणते संदेश पाठवायचे याच्या चौकटी असतात. तिथे १२९०२५, १२९०२६, १२९०२९ काढा, इतर जहाजांचे १२९०३८ आणि १२९०३९ ठेवा. हे करताना अँटेना नाळेपासून आणि बाजूपासून किती मीटरवर आहे ते आकडेही तपासा. जुन्या मालकाच्या जुन्या बोटीचे आकडे तसेच राहिलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत.

प्लॉटरमध्ये स्रोत ठरवायची सोय जवळपास सगळ्याच कंपन्या देतात. गार्मिनमध्ये पसंतीचे स्रोत, रेमरीनमध्ये डेटा सोर्सेस, सिमरॅड आणि बी अँड जी मध्ये नेटवर्कखाली सोर्सेस. स्वयंचलित निवड बंद करून मुख्य स्रोत हाताने निवडा. रेमरीनची ही सोय नेटवर्कवर तिला न जुळणारं जुनं उपकरण असलं की अडते, ते आधी अपडेट करावं किंवा बाजूला काढावं लागतं. सिमरॅड कुळातल्या पडद्यांवर गट नावाचं एक सेटिंग आहे: दोन पडदे एकाच गटात असले तर एकावर केलेली निवड दुसऱ्यालाही लागू होते, गट काढला तर प्रत्येक पडदा आपलं आपण ठरवतो. कॉकपिटमध्ये एक स्थिती आणि खाली टेबलावर दुसरी दिसते ती यामुळे.

पण प्लॉटरमध्ये निवडलंत म्हणजे प्लॉटरपुरतंच ठरलं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. वेगळ्या कंपनीचा ऑटोपायलट, वेगळ्या कंपनीचा व्हीएचएफ, वाऱ्याचं यंत्र, ही सगळी तारेवरचं थेट ऐकतात आणि आपापल्या नियमाने स्रोत पकडतात. कुणी कमी इन्स्टन्सचा, कुणी कमी पत्त्याचा, कुणी सर्वांत आधी ऐकू आलेला. म्हणून जिथे शक्य आहे तिथे नको असलेला आवाज उगमाशीच बंद करा, ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोडू नका. नेटवर्कवर स्थिती सांगणारे फक्त दोन राहू द्या: मुख्य आणि राखीव. दोघांना वेगळे इन्स्टन्स द्या, मुख्याला शून्य, राखीवला एक. ज्या उपकरणांना निवडीची सोयच नाही त्यांच्यासाठी, राखीवचं प्रसारण बंद ठेवून गरजेला मेनूतून चालू करणं हाही चालणारा मार्ग आहे. स्वयंचलित बदल हवाच असा माझा आग्रह नाही. रात्री दोन वाजता यंत्राने गुपचूप स्रोत बदलण्यापेक्षा त्याने बोंब मारून माणसाला उठवलेलं बरं.

आता ते यादीतलं जास्तीचं नाव. तुमच्या व्हीएचएफला जुन्या एनएमईए ०१८३ च्या तारा असतील आणि मधे ०१८३ ते २००० असं रूपांतर करणारा डबा असेल, तर शोध तिथून सुरू करा. प्लॉटर स्थिती डब्याला देतो, डबा व्हीएचएफला देतो, व्हीएचएफ ती परत बाहेर टाकतो, डबा ती उचलून पुन्हा नेटवर्कवर चढवतो. झाला नवा स्रोत, जो खरा कुणीच नाही, आणि जो क्षणभर जुनी स्थिती सांगतो. सहा नॉटला बोट सेकंदाला तीन मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे हा प्रतिध्वनी सतत मागे ओढतो. मुख्य जीपीएस बंद पडला तरी अशा घोळात जुनी स्थिती काही काळ जिवंतासारखी फिरत राहू शकते. उपाय सोपा: डब्यात प्रत्येक दिशेला कोणती वाक्यं (०१८३ मधले संदेश) जायची ते ठरवा. व्हीएचएफकडे आरएमसी आणि जीजीए ही स्थितीची वाक्यं जाऊ द्या, व्हीएचएफकडून फक्त डीएससीची (बटणाने पाठवायच्या संकटसंदेशांची) वाक्यं येऊ द्या.

०१८३ च्या तारेबद्दल अजून एक. ४८०० बॉड म्हणजे सेकंदाला सुमारे ४८० अक्षरं. एक साधा जीपीएस आरएमसी, जीजीए, जीएलएल, जीएसए आणि उपग्रहांच्या तीन जीएसव्ही ओळी पाठवायला लागला की यातली जवळजवळ सगळी जागा संपते. मल्टिप्लेक्सरमधून (अनेक तारांवरचं एका तारेत मिसळणाऱ्या डब्यातून) दुसरा जीपीएस त्याच तारेत घुसवला तर वाक्यं तुटतात, रांग वाढते, स्थिती उशिरा पोचते. जीएसव्ही बंद करा. आकाशातले उपग्रह व्हीएचएफला बघायचे नसतात.

यापुढचा भाग माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्यासाठी १० जून १९९५ ची एक घटना सांगावीच लागेल. बर्म्युडाहून बोस्टनला निघालेलं 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज त्या रात्री नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेला उथळ वाळूवर चढलं. मार्गापासून सुमारे १७ मैल बाहेर. प्रवास सुरू झाल्यानंतर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली होती. रिसीव्हर गप्प बसला नाही. शेवटची स्थिती, दिशा आणि वेग यांवरून अंदाजाने पुढची स्थिती काढत राहिला आणि पाठवत राहिला. वाक्यात 'ही स्थिती ग्राह्य नाही' अशी खूण होती, पण ऑटोपायलट ती खूण बघतच नव्हता. सुमारे ३४ तास कुणालाच कळलं नाही. आणि जहाजावर लोरान-सी हा जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून स्थिती काढणारा पूर्ण वेगळा, स्वतंत्र स्रोत चालू होता. बरोबर स्थिती दाखवत होता. दोन्हींची तुलना झाली नाही.

म्हणजे राखीव होता, उत्तम होता, तरी उपयोग शून्य. जीपीएस दोन प्रकारे मरतो. एक, तो गप्प होतो: वायर तुटली, फ्यूज गेला. हे सोपं मरण, प्लॉटर काही सेकंदांत ओळखतो आणि दुसऱ्याकडे जातो. दुसरं, तो बोलत राहतो पण त्याच्याकडे फिक्स नसतो. आरएमसीत ए (ग्राह्य) च्या जागी व्ही (अग्राह्य) येतो, जीजीएत दर्जा शून्य होतो किंवा अंदाजासाठीचा सहा. काही उपकरणं हे बघतात, काही बघत नाहीत, आणि माहितीपुस्तिका याबद्दल सहसा मौन बाळगते. त्यामुळे तपासायचं तुम्हीच.

तपासायची पद्धत: बंदरात मुरिंगवर, सगळं चालू ठेवून, आधी मुख्य अँटेनाची वायर काढा आणि प्रत्येक पडद्यावर काय होतं ते लिहा. परत जोडा, फिक्स येऊ द्या. मग त्याच अँटेनावर स्टीलचं खोल पातेलं पालथं घाला. उपकरण नेटवर्कवर जिवंत, पण आकाश बंद. आता बघा: प्लॉटर राखीवकडे गेला का? किती वेळाने? अलार्म वाजला का, आणि तो सुकाणूपाशी ऐकू येतो का? व्हीएचएफने जुनी स्थिती तशीच धरून ठेवली का? ऑटोपायलटने मार्ग सोडल्याचं सांगितलं का? वायर काढल्यावर झकास वागणारी यंत्रणा पातेल्याखाली गोठून बसते, हे नेहमीचं. असं गोठणारं उपकरण सापडलं तर त्याच्या शेजारी कागद चिकटवून ठेवा.

राखीव खरंच वेगळा आहे का, हेही पाहा. तुमचे मुख्य आणि राखीव एकाच एनएमईए २००० च्या मुख्य तारेवर, एकाच फ्यूजवर आहेत. तारेचं एक टर्मिनेटर (टोकाला लावलेला रोध) गेलं किंवा एका टी-जोडात पाणी शिरलं की बाकीच्या उपकरणांसाठी दोघे एकदम जाऊ शकतात. वीज बंद करून मुख्य तारेच्या दोन सिग्नल वायरींमध्ये रोध मोजा: ६० ओहमच्या आसपास हवा, कारण दोन टोकांना १२० चे दोन. १२० दिसला तर एक टोक उघडं आहे. व्हीएचएफमधला जीपीएस म्हणूनच मौल्यवान. त्याला वेगळ्या ब्रेकरवर ठेवा आणि स्थितीसाठी नेटवर्ककडे बघू नकोस असं सेटिंगमध्ये सांगा. संकटात लाल बटण दाबाल तेव्हा डीएससी संदेशासोबत जाणारी स्थिती नेटवर्क मेलं तरी गेली पाहिजे. टॅब्लेटचीही खातरजमा करा. फक्त वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतोच. तो बोटीच्या वायफायवरून प्लॉटरचीच स्थिती घेऊन दाखवतो, आणि मालक समजतो की आपल्याकडे आणखी एक स्वतंत्र जीपीएस आहे.

मासेमारी बोटींवर सध्या शासनाच्या योजनेतून इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसत आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून त्याची देशव्यापी सुरुवात झाली, लक्ष्य एक लाख बोटींचं. एका तांडेलांनी मला विचारलं होतं की याची स्थिती प्लॉटरला देता येईल का. देऊ नये. तो संकटात किनाऱ्याशी बोलण्यासाठी आहे, त्याला बाकीच्या वायरिंगपासून अलग राहू द्यावं.

एखादा जुना रिसीव्हर राखीव ठेवणार असाल तर त्याची तारीख पाहा. जीपीएस आठवडे मोजतो आणि १०२४ नंतर पुन्हा शून्यावर येतो. गेल्या वेळी हे एप्रिल २०१९ मध्ये झालं. जुन्या यंत्रांची स्थिती बरोबर असते पण तारीख साडेएकोणीस वर्षं मागे. प्लॉटरने वेळ त्याच्याकडून घेतली की भरती-ओहोटी चुकीची दाखवतो, आणि मुंबईच्या उधाणात ती चूक महाग पडते. म्हणून वेळेचा स्रोतही यादीत हाताने निवडा. सगळ्यांचा डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा आधार) डब्ल्यूजीएस ८४ आहे ना तेही एकदा बघून घ्या.

तुलनेसाठी रोजचा नियम असा ठेवा: निघताना आणि दर तासाला प्लॉटरचा अक्षांश आणि व्हीएचएफच्या पडद्यावरचा अक्षांश शेजारी वाचायचा. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानातला एक अंक म्हणजे अक्षांशात १.८५ मीटर, तिथे फरक असणारच, अँटेना वेगवेगळ्या जागी आहेत. दुसऱ्या स्थानात एखाद्या अंकाचा, म्हणजे १८ मीटरचा फरक अधूनमधून चालेल, टिकून राहिला तर कारण शोधा. पहिल्या स्थानात फरक पडला, म्हणजे सुमारे १८५ मीटर, तर मार्गावरचा ऑटोपायलट सोडा, सुकाणू हातात घ्या आणि मग विचार करा. हा फरक कुठल्या दिशेला आहे हे पडदा सांगत नाही. त्यासाठी बाहेर बघावं लागतं.

आणि बाहेर बघण्याचं कारण हेही की चौघे एकदम जाऊ शकतात. जून २०२५ मध्ये युद्धाच्या काळात होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आसपास शेकडो जहाजांच्या जीपीएसमध्ये अडथळा आला, तेव्हा जहाजावर रिसीव्हर किती आहेत याने काही फरक पडत नव्हता. त्यासाठी युद्धच लागतं असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात २००१ साली बोटींवरच्या टीव्ही अँटेनांच्या बिघडलेल्या प्रवर्धकांनी बंदरभर जीपीएस बंद पाडला होता. ग्लोनास, गॅलिलिओ, नाविक असे उपग्रहांचे जास्त समूह घेणारा रिसीव्हर उपग्रह कमी पडण्यावर उपाय आहे, एकाच पट्ट्यातल्या गोंगाटावर नेहमीच नाही.

म्हणून पाचव्या अँटेनाचं उत्तर नाही असं आहे. आहे तो अँटेना खाली आणायला केबल आणि एक टी-जोड लागेल, बाकी काम मेनूतलं. उरलेल्या पैशांत हातात धरून दिशा घ्यायचं चांगलं होकायंत्र घ्या. मांडव्याहून दक्षिणेला जाताना खांदेरीच्या दीपगृहाची दिशा घ्या, रडार असेल तर बेटाचं अंतर घ्या, खोली वाचा, आणि ती नकाशावर प्लॉटर म्हणतो तिथे जुळते का पाहा. पुढे चौल कडूच्या खडकाजवळून जाताना हे आधी केलेलं असलं की प्लॉटरवर कितपत विसंबायचं ते ठरवता येतं. उपकरणांची यादी आणि पातेल्याच्या चाचणीचे निकाल कळवलेत तर कोणत्या चौकटी काढायच्या ते मॉडेलनुसार सांगतो.